नाखव्याचे गुणदोष

टीव्हीवर फुटबॉल लागला आणि घरातले सगळे बसल्या बसल्या कोचची हजेरी घ्यायला लागले, की मी उठून गॅलरीत जातो. "ह्याने बदली खेळाडू उशिरा उतरवला." "ह्याला बचाव कळतच नाही." मुलगा आतून हाक मारतो, "बाबा, तुम्ही तर कंपनीकडून खेळलेले ना? तुमचं काय मत?" मी म्हणतो, मला चष्म्याशिवाय नीट दिसत नाही. खरं कारण वेगळं आहे. कोचबद्दल मत द्यायचं म्हटलं की माझ्या तळहातांना अजून घाम सुटतो. आयुष्यात एकदाच मी एका कोचचं मूल्यमापन केलं, तेही लेखी. ते करताना मी जितका घाबरलो होतो तितका त्याच्याआधी एकदाच घाबरलो होतो, दहा दिवस आधी, कोपरच्या खाडीत.

मी मुळातच घाबरट. आमचं गाव देशावरचं. तिथे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी चकाकणारा तुकडा. वडील गेल्यावर आई मला घेऊन वर्तकनगरला मामाकडे आली, आणि पुढे आम्ही डोंबिवलीत एक खोली घेतली. अंगाने उंच, म्हणून शाळेत मला गोलात उभं केलं. बॉल अंगावर आला की मी डोळे मिटून घ्यायचो, पण हात मात्र बरोबर जागी जायचे. त्याच्यावर भलेभले फसले. मानपाड्याजवळच्या एका कारखान्याने मला आपल्या फुटबॉल टीमसाठी घेतलं, तेव्हा मी बावीसचा होतो. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं असतील.

तेव्हा आपल्याकडे फुटबॉलवर पोट भरायचं म्हणजे असंच भरायचं. कंपनी नोकरी द्यायची. सकाळी टाइम ऑफिसात कामगारांच्या हजेरीची खर्डेघाशी, दुपारनंतर मैदान. कारकुनाच्या खुर्चीवर बसायचं, पण पगार खेळाचा, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. माझं दुखणं एवढंच की मी तीन वर्षं टेम्पररी होतो. दर काही महिन्यांनी कंपनी मला ब्रेक द्यायची आणि पुन्हा घ्यायची, आणि त्या मधल्या दिवसांत मी घरात आजाऱ्यासारखा पडून असायचो, पुन्हा बोलावतील की नाही या धास्तीने. आई रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारायची, "काही बोलले का रे साहेब, कायम करण्याचं?" मी नाही म्हणून मान हलवायचो आणि ती ताट वाढायची.

टीमचा मुख्य कोच खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. पन्नाशीचा, बुटका, खांद्यांनी रुंद. तोंडावर आम्ही त्याला सर म्हणायचो आणि पाठीमागे नाखवा, म्हणजे होडीचा मालक. त्याला ते माहीत होतं आणि आवडतही असावं. त्याच्याबद्दल लिहिताना माझ्या हातून एकेरीच येतं, त्याला इलाज नाही.

शिट्टी त्याने कधी वापरली नाही. दोन्ही तळहात एकमेकांवर असे आपटायचा की आवाज पलीकडच्या गोलपर्यंत जायचा. मॅच चालू असताना तो बॉलकडे बघायचाच नाही. बॉल ज्याच्याकडे आहे तो काय करतोय ते सगळं मैदान बघतंय, मी कशाला बघू, असं त्याचं म्हणणं. तो उरलेल्यांकडे बघायचा: कोण दमलाय, कोण रुसलाय, कोण घाबरलाय. हाफटाइमला भाषण नाही. प्रत्येकाला एक वाक्य. मला पहिल्याच मॅचमध्ये त्याने बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "डोले मीट तू, माजा काय नाय. पन पाय नको हलवूस." मी डोळे मिटतो हे शाळेपासून कोणालाच कळलं नव्हतं. त्याला पंधरा मिनिटांत कळलं, आणि त्याने ते कोणाला सांगितलं नाही.

दोषही भरपूर होते, उगाच देवपण देत नाही. तोंडभरून कौतुक त्याने कधी कोणाचं केलं नाही. सगळा डाव एकट्या सेंटर फॉरवर्डच्या पायावर उभा केलेला, आणि त्या पोराला विश्रांती म्हणून नाही. बदली खेळाडू उतरवायचा तो शेवटच्या पाच मिनिटांत, तेही नाइलाजाने. कडक मैदानावर त्याची टीम हमखास गडबडायची, कारण त्याचं सगळं शिक्षण मऊ जमिनीवरचं. हरलो की दोन दिवस अबोला. आणि साहेबलोकांपुढे त्याला बसताच यायचं नाही. खुर्ची दिली तरी हाताची घडी घालून उभा राहायचा. साहेबांना तो माज वाटायचा. मला वाटतं, त्याला नुसता संकोच व्हायचा.

त्याची सगळ्यात वेगळी गोष्ट म्हणजे चिखल. दर शनिवारी अर्धा दिवस संपला की तो टीमला कोपरच्या खाडीवर न्यायचा. ओहोटीला तिथे चिखलाचं मोठं पटांगण उघडं पडायचं. त्याच्यावर अनवाणी, जुन्या बॉलने, दोन तास. घोटे लोखंडाचे होतात, तो म्हणायचा. होतही होते. आमच्या टीममध्ये घोटा मुरगळून बसलेला माणूस कोणी बघितला नाही. पण चिखलात उतरायचं तर पाणी कधी जातं आणि कधी येतं हे पक्कं माहीत हवं, आणि ते सांगायचं काम त्याने माझ्या गळ्यात घातलं.

टीममध्ये अर्धे खाडीकाठचे होते. त्यांना विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं. त्याला स्वतःला तर वाऱ्यावरून कळायचं. पण नाही. "तू पान्याला भितोस ना?" तो मला म्हणाला. "मग त्याचा टाइम तूच सांभाळायचा." हिशेब त्यानेच शिकवला. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. कोपर खाडीच्या आत, म्हणून वर आणखी एक तास. ओहोटी पुरी झाली की अर्ध्या तासात सगळे काठावर. चतुर्थी असेल तर भरती तीनला, अष्टमी असेल तर सहाला, असं. ज्या शनिवारी वेळ जुळत नसे त्या शनिवारी मैदान.

दर शुक्रवारी रात्री मी भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभा राहून बोटांवर मोजायचो. चुकलो तर, या धास्तीने तीच बेरीज पुन्हा करायचो. पण दोन हंगाम माझं गणित एकदाही चुकलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा तोरा चढला होता. चौदा माणसं माझ्या शब्दावर खाली उतरतात आणि माझ्या शब्दावर वर येतात. तोवर माझ्या शब्दावर कोणी चहासुद्धा आणला नव्हता.

तो शनिवार थंडीतला होता. आदल्या रात्री आईला ताप होता, मी कॅलेंडर बघितलंच नाही. सकाळी धावतपळत निघालो आणि रस्त्यात बोटांवर मोजलं. बुधवारी डब्यात साबुदाण्याची खिचडी होती, म्हणजे बुधवारी एकादशी. गुरुवारी द्वादशी, शुक्रवारी त्रयोदशी, आज चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. ओहोटी साडेचार, कोपरला साडेपाच. सहाला वर यायचं. हिशेब चोख.

चूक कुठे होती ते त्या रात्री घरी जाऊन कॅलेंडर बघितल्यावर कळलं. त्या पंधरवड्यात एकादशी दोन दिवस होती, बुधवारी स्मार्त आणि गुरुवारी भागवत. आमच्याकडे पहिलीचा उपास, म्हणून खिचडी बुधवारी. तिथी मात्र गुरुवारीही अकरावीच होती. म्हणजे शनिवारी त्रयोदशी होती, आणि पाणी माझ्या हिशेबाच्या पाऊण तास आधी फिरणार होतं.

एरवी नाखवा स्वतः हजर असायचा. मी सांगितलेला टाइम ऐकायचा, खाडीकडे एक नजर टाकायचा आणि मान डोलवायचा. त्या दुपारी नेमकं त्याला साहेबांनी ऑफिसात बोलावून घेतलं. जाताना तो मला म्हणाला, "तू बोलशील तवा उतरा, तू बोलशील तवा वर या. मी येतंय मागून."

सव्वापाचच्या सुमाराला मी गोलात उभा होतो, काठाकडे तोंड करून. आमच्या आणि काठाच्या मध्ये एक चर होता, पाणी निथळून जाण्याचा. येताना तो कोरडा होता. आता त्याच्यात काहीतरी चमकत होतं. मी घड्याळ बघितलं. हिशेबाने अजून पाऊण तास होता. मी पुन्हा चराकडे बघितलं, पुन्हा घड्याळाकडे. ओरडावं असं दहादा वाटलं. पण हिशेब बरोबर असला तर सगळे हसणार, घाबरट तो घाबरटच म्हणणार. मी डोळ्यांपेक्षा गणितावर विश्वास ठेवला आणि गप्प उभा राहिलो. त्या गप्प राहण्याची मला आजही लाज वाटते.

मग काठावरून टाळीचा आवाज आला. एक, दोन, तीन, थांबेचना. नाखवा दोन्ही तळहात डोक्याच्या वर एकमेकांवर आपटत काठावरून धावत होता. सगळे जिथे होते तिथून पळत सुटले. चरात कमरेएवढं पाणी झालं होतं. खाडीकाठच्या पोरांनी बाकीच्यांचे हात धरले आणि ओढत पलीकडे नेलं. मी अर्ध्यात पोचलो आणि माझे पाय थिजले. मागे वळून बघितलं तर सेंटर फॉरवर्ड लांब, खाडीच्या अंगाला, मांडीपर्यंत रुतलेला. बॉल आणायला गेला होता. तो जितका जोर करत होता तितका खाली जात होता, आणि "आई, आई" करत होता. पाणी त्याच्याकडे सरकत होतं.

काठावर एका मोडक्या होडीच्या फळ्या पडल्या होत्या. नाखव्याने एक फळी आणि एक दोर उचलला, चरात उतरून माझ्याजवळ आला, दोराचं एक टोक माझ्या कमरेला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या. "तू उंच हायस," तो म्हणाला. "डोले मीट. पन पाय नको हलवूस." आणि चिखलावर फळी टाकून तिच्यावर पालथा पडून हातांनी वल्हवत निघाला.

मी डोळे मिटले. पाणी पोटाला लागलं, बरगड्यांना लागलं, छातीला लागलं. थंड पाण्याने दात वाजत होते. मी मोठ्याने रडत होतो, ते काठावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं असणार. दोराला हिसके बसत होते. एकदा लांबून हाड मोडल्यासारखी किंचाळी आली, आणि मला वाटलं, गेला. मग दोर जड झाला, आणि काठावरची पोरं पाण्यात उतरून मला आणि माझ्यामागून त्या दोघांना ओढायला लागली. डोळे उघडले तेव्हा सूर्य बुडाला होता आणि पूर्वेला जवळजवळ पुरता चंद्र वर आला होता. चतुर्दशीला असतो त्याहून एका दिवसाने कमी, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पोरगा वाचला, पण ओढून काढताना त्याचा गुडघा गेला तो गेलाच. पुढे त्याला स्टोअरमध्ये बसवलं. सोमवारी साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. पर्सोनेलचे साहेब गोड बोलणारे होते. मला ओरडणाऱ्या माणसांपेक्षा गोड बोलणाऱ्यांची जास्त भीती वाटते. "तुम्ही तर त्या वेळी माझ्यासमोर होतात," ते नाखव्याला म्हणाले. "मग ह्यांना उतरायला कोणी सांगितलं? वेळ कोणी ठरवली?"

"टाइम माझाच होता, साहेब," नाखवा म्हणाला. हाताची घडी तशीच.

तेरा जणांना खरं माहीत होतं. तेराही जणांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं. आवाज आला नाही. डोळ्यांपुढे आई आली, आणि तिचा तो रोजचा प्रश्न.

आठ दिवसांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुझं अक्षर मोत्यासारखं आहे रे. आणि तू टीममधलाच. कोचचं मूल्यमापन वर पाठवायचंय. गुण, दोष आणि मागे काय ठेवलं, असे तीन रकाने. मराठीतच लिही, त्याला वाचून सही करता आली पाहिजे." मी कागद घेतला आणि वळलो, तेवढ्यात ते म्हणाले, "तुझा कायमचा कागद पण माझ्याच टेबलावर आहे, बरं का."

मी तो फॉर्म तीन वेळा लिहून फाडला. गुणांच्या रकान्यात लिहिलं: शिस्त चांगली, खेळाडूंची पारख आहे, दुखापती कमी. दोषांच्या रकान्यात सगळं लिहिलं. अबोला, हट्ट, बदली खेळाडू, कडक मैदान. मग पेन थांबलं, आणि मी लिहिलं: भरती-ओहोटीचा हिशेब चुकून खेळाडूंचा जीव धोक्यात आला. हिशेब कोणाचा, ते लिहिलं नाही. वर नाव नाखव्याचं होतं, तेवढं पुरलं. मागे काय ठेवलं, या रकान्यात लिहिलं: उल्लेखनीय काही नाही. लिहून झाल्यावर मी संडासात जाऊन तोंडावर पाणी मारून घेतलं.

सहीसाठी नाखवा टाइम ऑफिसात आला. मंगळवार होता, दुपार. मी फॉर्म पुढे सरकवला आणि टेबलाच्या कडेकडे बघत बसलो. तो सावकाश वाचत होता, ओठ हलवत. दोषांच्या रकान्याला त्याने बराच वेळ घेतला. आता तो काय बोलेल, ओरडेल, कानफटात मारेल, याच्या तयारीने मी मान आखडून घेतली होती. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"आज तिथी काय रं?" त्याने विचारलं.

मी त्या दिवसापासून रोज सकाळी कॅलेंडर बघत होतो. "वद्य अष्टमी," मी म्हणालो.

"भरती?"

"सहाला. कोपरला सात."

"बरोबर," तो म्हणाला.

फॉर्मच्या खाली 'कोचचं म्हणणं' अशी जागा सोडलेली होती. त्याने माझं पेन मागितलं, वळून भिंतीला कागद टेकवला आणि काहीतरी लिहिलं. कागदाची घडी घातली, पाकिटात टाकली, जिभेने ओलं करून ते स्वतः चिकटवलं आणि माझ्याकडे न देता वर घेऊन गेला. काय लिहिलं असेल ते मला न सांगताच कळलं होतं. दुसरं काय लिहिणार? मी माझ्या मनाने वाक्य तयारसुद्धा केलं होतं: हिशेब माझा नव्हता, ह्या लिहिणाऱ्याचा होता.

महिनाअखेर त्याला काढलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी माझ्या टेबलावर एक लखोटा आला. मी तो शेजारच्याकडे सरकवला, त्याने उघडला. मला कायम केलं होतं. आईने पेढे वाटले. मी एकही खाल्ला नाही. साहेबांनी नाखव्याने लिहिलेलं खरं वाचलंय आणि ते माझ्यावर राखून ठेवलंय, असं मी धरून चाललो. साहेब बदलले, पुढचे आले, त्यांनी बोलावलं की मला वाटायचं, आज निघणार तो कागद.

टीम दोन हंगामांत बंद पडली. नाखवा मला एकदाच दिसला, डोंबिवलीच्या बाजारात, हातात पिशवी घेऊन. मी बाजूच्या बोळात शिरलो आणि तो जाईपर्यंत एका भांड्यांच्या दुकानात पातेली उलटीपालटी करत उभा राहिलो. काही वर्षांनी तो गेल्याचं कळलं. मातीला गेलो नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कारखानाच बंद झाला. तोवर मी हेडक्लार्क झालो होतो, आणि जुन्या फायली चाळून ठेवायच्या कोणत्या, रद्दीत टाकायच्या कोणत्या, हे माझ्याकडे आलं. त्या फायलींचं कपाट बारा वर्षं माझ्या खुर्चीमागे होतं आणि किल्ली माझ्या खिशात. बारा वर्षांत मी नाखव्याची फाइल काढायची हिंमत केली नव्हती. त्या दिवशी काढली. पाकीट फोडलेलं होतं. माझं मोत्यासारखं अक्षर पिवळं पडलेलं, आणि खाली त्याचं, भिंतीवर टेकवून लिहिलेलं, वाकडंतिकडं:

वर लिहिलेलं सगळं मला कबूल आहे. लिहिणाऱ्या पोराला कायम करावं. पाणी छातीला लागलं तरी त्याने पाय हलवले नाहीत.

खाली सही होती. आणि तारखेच्या जागी त्याने माझ्या शब्दावर लिहिलं होतं, वद्य अष्टमी.